गच्चीवरची टिटवी आणि १९७२ चा कायदा

मे महिन्याचा दुसरा आठवडा. परीक्षा डोक्यावर, पंखा गरम हवा फेकतोय, आणि होस्टेलच्या वरच्या मजल्यावरची पोरं रोज रात्री सतरंजी घेऊन गच्चीवर पळतायत. गच्चीवर बांधकामातून उरलेल्या खडीचा एक पसरलेला ढीग आहे. एका रात्री त्या ढिगाजवळ कुणीतरी बॅटरी मारली आणि "टिटिव्-टिटिव्" असा आरडाओरडा सुरू झाला, की अख्खा मजला जागा! सकाळी पाहिलं तर खडीत चार अंडी. मातकट रंग, काळे ठिपके. खडीत अशी मिसळलेली, की एकदा नजर हटली तर परत सापडायची नाहीत. घरटं म्हणावं असं काही नाहीच. काडी नाही, कापूस नाही. खडी थोडी बाजूला सारून केलेला खोलगटपणा, बस्स.

आता गंमत पुढे आहे. त्याच आठवड्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं होतं. मागच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या लावून झोपलेली मंडळी हे काम कधी होतंय याची चातकासारखी वाट बघत होती. (टिटवीच्या लेखात चातक आला, माफ करा.) मिस्त्री म्हणाला, "त्यात काय एवढं, अंडी उचलून कडेला ठेवतो." वॉचमन मामा म्हणाले, "हात लावू नका. टिटवीनं उंचावर अंडी घातली म्हणजे यंदा पाऊस दणकून." त्यावर वरच्या मजल्यावरचा एक जण, "मामा, पाऊस दणकून येणार असेल तर गच्ची आधी करायला नको का?" भांडण चांगलंच रंगलं. शेवटी रेक्टर सर वर आले, अंडी पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कायदा काय म्हणतो ते बघून या. मग ठरवू."

बघून यायची जबाबदारी अस्मादिकांवर पडली. सबमिशन सोडून दोन दिवस मी जे वाचलं, ते तुमच्यासमोर ठेवतोय. वाचेपर्यंत माझीही समजूत हीच होती, की कायदा वाघ-बिबट्यासाठी असतो. टिटवीचं कोण विचारतो?

शिकार म्हणजे नक्की काय?

कायद्याचं नाव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. तो काही आभाळातून पडला नाही. इंग्रजांनी १८८७ साली जंगली पक्ष्यांसाठी एक छोटा कायदा केला, १९१२ साली पक्षी आणि प्राणी दोघांसाठी दुसरा. आपल्याकडे मुंबई राज्यानं १९५१ मध्ये स्वतःचा कायदा केला. पण या जुन्या कायद्यांचा सगळा रोख शिकार कधी करायची आणि कधी नाही, परवाना कुणाला द्यायचा, यावर होता. शिकार हा साहेबाचा आणि संस्थानिकांचा खेळ. तो बंद पडू नये म्हणून नियम! १९७२ च्या कायद्यानं आणि त्यातही १९९१ च्या दुरुस्तीनं ही दिशा बदलली. आता सुरुवातच "शिकार करता येणार नाही" इथून होते.

आपल्या चार अंड्यांसाठी महत्त्वाचं कलम आहे २(१६). इथे "शिकार" या शब्दाची व्याख्या दिलीय, आणि ती आपल्या बोलीतल्या शिकारीपेक्षा फार मोठी आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं, हाकारा घालून पिटाळणं, हे सगळं तर आलंच. यातला नुसता प्रयत्नसुद्धा आला. पण पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत आणखी एक वाक्य आहे. त्यांची अंडी खराब करणं, किंवा अंडी वा घरटी विचलित करणं, हीसुद्धा शिकारच!

म्हणजे मिस्त्रीनं अंडी "उचलून कडेला ठेवली" असती, तर कायद्याच्या भाषेत त्याच्या हातात घमेलं नव्हे, बंदूक होती. मी हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा मिस्त्रीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता कायद्याची साखळी समजून घेऊ. व्हायव्हात विचारतात तशी, पायरीपायरीनं.

पहिली पायरी: पक्षी "वन्य प्राणी" आहे का? कायद्याच्या शेवटी याद्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात. पूर्वी त्या सहा होत्या. २०२२ च्या दुरुस्तीनं त्या चारच केल्या आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अनुसूची १ मध्ये सर्वात जास्त संरक्षण असलेले जीव आहेत. आपला राष्ट्रीय पक्षी मोर, माळढोक, तणमोर, गिधाडं यांच्यासारखे. अनुसूची २ मध्ये शेकडो जातींचे पक्षी आहेत. आपली टिटवी त्यातच. अनुसूची ३ वनस्पतींची, आणि ४ परदेशी व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात येणाऱ्या जीवांची.

दुसरी पायरी: कलम ९. अनुसूची १ आणि २ मधल्या कुठल्याही प्राण्याची शिकार करता येणार नाही. अपवाद आहेत, पण ते लेखी परवानगीचे. एखादा प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला, किंवा संशोधनासाठी, शिक्षणासाठी गरज असली, तर वन खात्याचा अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. "आमची गच्ची गळते" हा अपवाद मला कुठेही सापडला नाही.

तिसरी पायरी: शिक्षा. कलम ५१ प्रमाणे सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२२ च्या दुरुस्तीआधी हा दंड पंचवीस हजारांपर्यंत होता. अनुसूची १ मधल्या प्राण्याची शिकार असेल तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. तिथे "किंवा" नाही, "आणि" आहे. प्रोग्रॅमिंगवाल्यांना यातला फरक समजावून सांगायला नको!

अजून एक कलम मला फार आवडलं. कलम ३९. त्यानुसार शिकार झालेला किंवा बेकायदा पकडून ठेवलेला वन्य प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. असा प्राणी कुठल्याही मार्गानं तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवायला हवं. तेव्हा पिंजऱ्यातला पोपट "मला कुणीतरी दिला" असं म्हणून सुटका नाही.

होस्टेलमधले नेहमीचे प्रश्न

कायदा वाचतोय म्हटल्यावर खोलीत येऊन प्रत्येकानं आपापला प्रश्न विचारला. काही उत्तरं इथे देतो.

"पोपट पाळला तर?" हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला पोपट म्हणजे इथला जंगली पक्षी. तो पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं, सगळं बेकायदा. भारतीय जंगली पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. बाजारात दिसतो, आजीनं पाळला होता, विठू विठू म्हणतो, हे सगळं खरं. पण कायदेशीर नाही. बजरीगर किंवा कॉकॅटिल हे परदेशी आणि पिंजऱ्यात पैदास झालेले पक्षी, त्यांची गोष्ट वेगळी. आफ्रिकन राखी पोपटासारखे आंतरराष्ट्रीय करारातले पक्षी असतील तर नोंदणी लागते.

"मोरपीस वहीत ठेवलंय, आत जाईन का?" नाही. मोराची आपोआप गळलेली शेपटीची पिसं देशात बाळगायला सूट आहे. मात्र निर्यातीला बंदी आहे.

"कावळा?" बिचारा कावळा! अनेक वर्षं तो उंदीर-घुशी आणि फळं खाणाऱ्या वटवाघळांबरोबर "उपद्रवी" प्राण्यांच्या यादीत होता, म्हणजे त्याला मारायला आडकाठी नव्हती. २०२३ पासून ती यादीच गेली. पितृपक्षात ज्याची वाट बघायची त्यालाच वर्षभर उपद्रवी म्हणायचं, हा अन्याय संपला म्हणायचा.

"ढाब्यावर तित्तर मिळतं म्हणे?" मिळत असेल तर देणारा आणि मागणारा दोघंही अडचणीत. माळावरचे तित्तर-लावे हे जंगली पक्षी आहेत.

"सुगरणीचं घरटं शोभेला आणलं तर?" विहिरीवर लोंबणारी ती सुंदर घरटी दिवाणखान्यात टांगायची हौस पुष्कळांना असते. इथे आपल्या आणि इंग्लंडच्या कायद्यात एक मजेदार फरक आहे. इंग्लंडच्या १९८१ च्या कायद्यात घरटं "वापरात असताना किंवा बांधलं जात असताना" त्याला संरक्षण आहे. आपल्या व्याख्येत असा काळाचा उल्लेख नाही. नुसतं "घरटी" म्हटलंय. तेव्हा शहाणपण हेच, की घरटं झाडावरच शोभतं असं समजावं. कुणी सीनियर अमेरिकेत एमएस करायला गेलाय? त्यालाही सांगा. तिथल्या १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यात बहुतेक देशी पक्ष्यांचं नुसतं पीस उचलून घरी नेणंही चालत नाही.

"पिल्लू खाली पडलं तर?" हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. नुकती पिसं फुटलेलं पिल्लू उडायला शिकताना जमिनीवर येतंच. आईबाप आसपास असतात. मांजर-कुत्र्यापासून आडोशाला ठेवायचं आणि लांब व्हायचं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत खरी नाही. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. खोलीत बूट-खोक्यात ठेवून मेसची पोळी भरवणं म्हणजे त्याचा हळूहळू जीव घेणं.

आपल्या तालुक्याचा मोठा धडा

आता खरी गोष्ट. घरट्याचा कायदा पुस्तकात असून भागतं का, याचं उत्तर शोधायला दिल्लीला जावं लागत नाही. आपली कुर्डुवाडी ज्या माढा तालुक्यात आहे, तिथेच ते उत्तर आहे.

माळढोक. जगातल्या सर्वात वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. नराचं वजन दहा-पंधरा किलोपर्यंत जातं. राष्ट्रीय पक्षी म्हणून सलीम अलींनी याचंच नाव सुचवलं होतं. इंग्रजी नावाचं स्पेलिंग चुकलं तर भलताच अर्थ होईल म्हणून तो मागे पडला आणि १९६३ साली मोराची निवड झाली, असा किस्सा सांगितला जातो. हा पक्षी टिटवीसारखाच उघड्या जमिनीवर अंडं घालतो. फरक एवढाच, की टिटवी चार घालते आणि माळढोक साधारण एकच. ते एक अंडं मादी एकटीच सुमारे महिनाभर उबवते. मेंढराचा पाय पडला, कुत्र्यानं खाल्लं, नांगर फिरला, की वर्ष गेलं.

१९७० च्या दशकात सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक आहेत याकडे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी लक्ष वेधलं. दुष्काळी भागाच्या योजनेत तिथे गवताची कुरणं राखली जात होती, ती या पक्ष्याला मानवली. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! तुलनेसाठी, सगळा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटर आहे. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले काही भाग यात आले. म्हणजे कागदावर आपली शेतं, वस्त्या, रस्ते, बाजार सगळंच अभयारण्याच्या हद्दीत!

कागदावर यापेक्षा भक्कम संरक्षण काय असणार? पण कायद्याचं कलम २० म्हणतं, की अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क मिळवता येत नाही. म्हणजे जमिनीची खरेदी-विक्री अडकली. पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला एकर विकायचा तर "माळढोकची जमीन आहे" म्हणून काम थांबलं. आपल्यातल्या कित्येकांच्या घरात आजोबा-वडिलांच्या तोंडून हे ऐकलं असेल. माणसाला पक्ष्याचा राग नव्हता, पण सातबाऱ्यावर पक्षी येऊन बसला म्हटल्यावर त्याच्याबद्दल प्रेम कुठून राहणार? नंतर अभयारण्याची हद्द कमी करून ती सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. पण तोवर माळ नांगरले गेले होते, कालवे आले होते, ऊस आला होता. आज सोलापूर जिल्ह्यात माळढोक दिसणं जवळजवळ संपलंय. देशात उरलेले मुख्यतः राजस्थानात, आणि सगळे मिळून दीडशेच्या आसपास.

यातून "कायदा निरुपयोगी" असा निष्कर्ष काढायचा का? मला तसं वाटत नाही. कायद्यानं बंदूक थांबवली, हे खरं. पण घरटं म्हणजे नुसतं अंडं नव्हे. त्याच्याभोवतीचा माळही आहे. आणि माळ ज्याच्या ताब्यात आहे त्या शेतकऱ्याला बरोबर घेतल्याशिवाय माळ वाचत नाही. हद्द ओढताना रेषा जेवढी मोठी, तेवढं संरक्षण मोठं, असं गणित नसतं. आपल्या विषयातलं उदाहरण द्यायचं तर, सेफ्टी फॅक्टर आंधळेपणानं वाढवत गेलं की डिझाइन सुरक्षित होत नाही, फक्त महाग होतं. आणि ते बिल कुणीतरी भरतं.

इंजिनीअरचा संबंध कुठे येतो?

इलेक्ट्रिकलवाल्यांनो, जागे व्हा. माळढोकला आज मोठा धोका आहे तो विजेच्या तारांचा. पक्षी जड, हवेत पटकन वळता येत नाही, आणि समोरचं त्याला नीट दिसत नाही. राजस्थान-गुजरातेत सौर आणि पवन प्रकल्पांच्या तारांवर आपटून पक्षी मेले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या मोठ्या पट्ट्यात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. कारण उच्च दाबाची केबल जमिनीखालून नेणं खर्चाचं आणि तांत्रिक अडचणींचं आहे, आणि सौर ऊर्जाही हवीच आहे. तारांवर दुरून दिसतील अशी फिरती, चमकती चकत्या लावणं हा एक उपाय. हा प्रश्न वकिलांइतकाच आपलाही आहे.

सिव्हिलवाल्यांसाठी दुसरं उदाहरण. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंदीकरणासाठी एक झाड पाडलं. त्यावर पाणकावळ्यांची घरटी होती. झाड कोसळताच पिल्लं रस्त्यावर आपटून मेली. तो व्हिडिओ देशभर फिरला आणि वन विभागानं याच १९७२ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला. झाड तोडायची परवानगी असणं म्हणजे घरट्यांसकट तोडायची परवानगी नव्हे. पुढे साइटवर उभे राहाल तेव्हा बार चार्टमध्ये विणीच्या हंगामासाठी एक ओळ ठेवा.

आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी चांगली बातमी. हाच कायदा लेखी परवानगीनं अंडं उचलायचीही वाट ठेवतो. २०१९ पासून जैसलमेरजवळ सम इथल्या केंद्रात माळावरची माळढोकाची अंडी परवानगीनं आणून उबवण यंत्रात उबवली जातात आणि पिल्लं वाढवली जातात. तापमान, आर्द्रता, अंडं ठरावीक वेळानं फिरवणं, सगळं मोजूनमापून. एकच कृती, मिस्त्रीनं केली तर शिकार, शास्त्रज्ञानं आदेश घेऊन केली तर संवर्धन. फरक हेतूचा, ज्ञानाचा आणि जबाबदारी घेण्याचा.

मग गच्चीचं काय झालं?

हे सगळं मी रेक्टर सरांपुढे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ठीक. पण पोरांच्या गाद्या भिजायला नकोत. तोडगा काढा." मग बसलो गणित मांडायला. टिटवीची अंडी उबायला साधारण अठ्ठावीस दिवस. अंडी सापडली तेव्हा किती दिवसांची होती ते माहीत नाही, पण जास्तीत जास्त धरलं तरी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात निकाल. पाऊसही तेव्हाच. गच्चीचे चार भाग केले. काम लांबच्या टोकापासून सुरू करायचं, खडीचा कोपरा सगळ्यात शेवटी. त्या कोपऱ्याभोवती दोरी बांधली. मिस्त्री कुरकुरला, पण ऐकलं. गच्चीवर झोपणं बंद झालं. याबद्दल जी बोलणी खाल्ली ती इथे छापण्यासारखी नाहीत.

एक अंडं कावळ्यानं नेलं. (हो, तोच, ज्याची मी वर बाजू घेतली.) बाकीच्या तिनातून जूनच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं बाहेर आली. टिटवीची पिल्लं जन्मतःच पळतात. कापसाच्या बोळ्याला काड्या लावाव्यात तशी. दुसऱ्या दिवशी पहाटे आईबाप खाली मैदानातून ओरडत होते आणि पिल्लं कठड्याच्या कडेला. मामांनी खाली वाळूच्या ढिगावर पोती पसरून ठेवली होती. दोन पिल्लं उडी मारून टुणटुणत निघून गेली. तिसरं आम्हाला दिसलं नाही. त्याचं काय झालं ते मी उगाच गोड करून सांगणार नाही.

शेवटचा कोपरा पहिला पाऊस पडल्यावर झाला. एका खोलीत बादली लावावी लागली. ती खोली माझी.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ तारीख सलीम अलींचा. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच गेले. त्या आठवड्यात भाषणं होतील, पोस्टर लागतील. तेवढंच करून न थांबता एक करू या. कुठलंही काम काढण्याआधी, रंग असो, एसी बसवणं असो, झाडाची फांदी असो, पाच मिनिटं वर बघायचं. घरटं दिसलं तर थांबायचं, विचारायचं, मग हात लावायचा. कायदा तेवढंच मागतो.

आणि हो, वॉचमन मामांना विचारलं, यंदा पाऊस कसा? म्हणाले, "माझ्याकडं कशाला बघतो? तुझ्या बादलीला विचार."